दोन भोकांचा नट

मी एक नट आहे. नाटकातला नव्हे, पोलादी. कोटाच्या मोठ्या बटणाएवढा गोल, मधे आट्यांचं भोक आणि त्याच्या दोन बाजूंना दोन बारीक भोकं. लोखंड कापायच्या ग्राइंडरवर जे पातळ चाक फिरतं, ते जागेवर धरून ठेवायचं, एवढ्या एका कामासाठी मला घडवलं. चाक मिनिटाला हजारो फेरे मारतं, ठिणग्या उडवतं, म्हणून सगळे त्याच्याकडे बघतात. माझ्याकडे कोणी बघत नाही. माझ्याकडे बघायची वेळ आली, की समजावं काहीतरी बिनसलंय.

माझ्यावर एक ठपका आहे. मी सुटलो नाही म्हणून एक माणूस गेला. तोंडावर असं कोणी म्हणत नाही. "नट जाम झाला होता ना," एवढंच म्हणतात आणि माना हलवतात. त्या माना हलवण्यात सगळं मिटतं, प्रत्येक जण आपापल्या घरी जेवायला जातो.

मला माझा बचाव करायचा नाही. जे झालं ते फक्त सांगायचंय.

कारखान्यात एका लांब सळईचे काप पाडले, त्यातला मी एक. मला आटे पाडले, दोन भोकं पाडली, काळं केलं, तेल लावलं आणि एका ग्राइंडरसोबत खोक्यात घातलं. त्याच खोक्यात एक चावी होती. चपटी, वीतभर, आणि टोकाला दोन दात. ते दात माझ्या दोन भोकांत नेमके बसतात. तिच्याशिवाय मी नीट सुटत नाही आणि माझ्याशिवाय तिला काही काम नाही. आम्हा दोघांना ज्याने एका खोक्यात घातलं, त्याला अक्कल होती.

खोकं उघडलं दादाने. खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं, जिन्यांचे कठडे असलं काम करणारं दोन भावांचं दुकान होतं ते. थोरल्याला सगळेच दादा म्हणत. तो कापायचा आणि जोडायचा. धाकटा मापं घ्यायचा आणि गिऱ्हाइकांशी बोलायचा. दादाची बायको, धाकट्याची वहिनी, मागच्या अंगणात तयार मालाला तांबडा प्रायमर मारायची. तिच्या नखांत तो रंग कायमचा बसला होता. दुकानात बोलणं धाकट्याचं, काम दादाचं आणि शहाणपण वहिनीचं, अशी वाटणी कोणी न करता झाली होती.

आईवडील लवकर गेले, तेव्हा धाकटा जेमतेम शाळेत जायला लागला होता. दादाने त्याला वाढवला. त्याला शिकवायचं म्हणून स्वतःची शाळा सोडली. तेव्हापासून धाकट्याला 'नाही' म्हणायचं दादाच्या जिभेला वळणच राहिलं नव्हतं. एरवी करारी माणूस. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचा, डॉक्टरला नाही म्हणायचा, बायकोला तर दिवसातून दहा वेळा. पण धाकट्यापुढे गडी लोण्यासारखा.

चाक बदलायची त्याची एक रीत होती. आधी प्लग काढायचा. चाक पुरतं थांबू द्यायचा. मग मशीनचं बटण दाबून आतला दांडा अडवायचा, चावीचे दात माझ्यात बसवायचा आणि एक हलका झटका. "सूट रे बाबा," म्हणायचा. मी सुटायचो. पुन्हा बसवताना मला बोटांनी फिरवायचा, शेवटी चावीचा नुसता स्पर्श. "जास्त आवळलं तर उद्या आपल्यालाच रडायचंय," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

पण त्याच दादाने चाकावरची पत्र्याची टोपी पहिल्याच महिन्यात काढून खिळ्याला लटकवली होती. कोपऱ्यात काम करताना ती आड येते म्हणून. चाक फुटलं तर तुकडे माणसाकडे येऊ नयेत, एवढ्यासाठीच ती असते. वहिनी म्हणायची, "ती टोपी लावा." तो म्हणायचा, "मला सर्दी नाही झाली." दादावर माझा जीव आहे, तरी हे लपवणार नाही.

पत्र्याच्या भिंतीपलीकडे लेथवाले काका. साठी ओलांडलेले, एकटे, चष्म्याची एक दांडी तारेने बांधलेली. हा माणूस डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त काम करायचा. आमचं ग्राइंडर सुरू झालं की पलीकडून आवाज यायचा, "दादा, चाक संपत आलंय रे, बदल." दादा बघायचा, तर खरंच संपत आलेलं असायचं. "काका, तुम्ही लेथ चालवता की आमच्यावर पहारा देता?" "तुझं मशीन एवढं बोंबलतं, झोपेत पण पहारा होतो." असं दिवसभर चालायचं. पत्रा होता, पण नावाला. पक्कड इकडून तिकडे जायची, तेलाचा डबा तिकडून इकडे यायचा.

एकदा काकांच्या चावीचा दात मोडला. ते आले आणि म्हणाले, "तुझी चावी दोन दिवस दे."

"न्या की, विचारताय काय," दादा म्हणाला.

ते दोन दिवस संपायच्या आत पाटीचं प्रकरण झालं.

धाकट्याने दुकानाला नवी पाटी केली. मोठी, पिवळी, वर दिव्यांची माळ. मापं घेणारा माणूस, पण स्वतःच्या पाटीचं माप चुकला, किंवा चुकवलं. पाटीचा हातभर भाग काकांच्या दारावर गेला आणि त्यांची जुनी निळी पाटी अर्धी झाकली गेली.

काका बाहेर आले. वर बघत बराच वेळ उभे राहिले. "अरे, तुझी पाटी माझ्या दारावर कशी आली?"

धाकटा शिडीवर होता. खाली चारदोन लोक उभे होते, त्यांना हसवायची त्याला हौस आली. तो म्हणाला, "राहू द्या हो काका. तुमच्याकडे पाटी वाचून येतं तरी कोण?"

लोक हसले. काका हसले नाहीत. आत गेले आणि दार लावून घेतलं.

त्या दिवशी अबोला धरला तो चार महिने. दोन माणसांचा अबोला दोन माणसांपुरता राहत नाही. दादाने एकदा सकाळी सवयीने हाक मारली, "काय काका, आज उशीर?" पलीकडून उत्तर आलं नाही, पण इकडून धाकटा उसळला. "तू बोलतोस त्यांच्याशी? मग मी इथं कोण?" पुढे काका समोरून आले की दादा नुसती मान हलवायचा, तीसुद्धा धाकटा बघत नसेल तर. वहिनी एकदा म्हणाली, "भाऊजी, सगळ्या गावाची मापं घेता. एकदा स्वतःच्या नाकाचं पण घ्या, केवढं वाढलंय ते कळेल." धाकट्याने दोन दिवस तिच्या हातचा चहा घेतला नाही.

आणि चावी पलीकडेच राहिली. काकांचं म्हणणं, ज्याची आहे तो मागायला येईल तेव्हा देईन. धाकट्याचं म्हणणं, नेली त्यांनी, आणूनही त्यांनीच द्यायची. दोघांचंही बरोबर होतं. चूक असती तर एकाने कबूल तरी केली असती.

चावीशिवाय दादा मला ठोकून सोडवायचा. लोखंडी पंच एका भोकात तिरका धरायचा आणि वर हातोडी. मी सुटायचो, पण दर वेळी भोकाचा काठ थोडा चेपायचा. दादाला ते आवडत नव्हतं. एकदा मला हातात घेऊन बघितलं आणि अंगठ्याने भोक चोळलं. "नवीन चावी घेऊन येऊ एकदा," म्हणाला. असल्या 'एकदा'ची दुकानात रास पडलेली असते.

त्या दिवशी जिन्याचा कठडा पुरा करायचा होता. एका बाईंचे वडील दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी येणार होते आणि त्यांच्या नव्या जिन्याला धरायला काही नव्हतं. "म्हातारे पडले तर?" बाई म्हणाल्या होत्या. दादाने शब्द दिला होता.

दादा पाइप कापत होता, धाकट्याने दुसरं टोक धरलं होतं. चाक अर्ध्यात गेलं आणि धाकट्याचा फोन वाजला. फोन वाजला की त्याचा हात आपोआप खिशाकडे जायचा. त्याने टोक सोडलं. पाइप खाली वाकला, कापलेली फट मिटली आणि चाक तिच्यात चिमटलं. मोटर ओढत राहिली. चाक जागेवर, दांडा फिरतोय, त्यात मी आवळला गेलो, आवळला गेलो. दादाने बंद करेपर्यंत मी असा बसलो होतो की माझा मलाच श्वास नव्हता.

चाक बाहेर काढलं, तर त्याच्या काठाचा नखाएवढा तुकडा उडालेला.

दादाने पंच लावला, हातोडी मारली. मी हललो नाही. पुन्हा मारली. पंच घसरला. धाकट्याने बटण दाबून धरलं, दादाने जोर लावला. भोकाचा काठ तुटला, मी तसाच. ठण, ठण, ठण. पत्र्यापलीकडचा लेथ थांबला.

वहिनी ब्रश हातात घेऊन दारात आली. तिने चाकाकडे बघितलं. "अहो, याचा दात पडलाय."

"माझाही पडलाय. जेवतोच की मी."

"तुम्ही जेवताना हजार फेरे नाही मारत. बदला ते."

"निघत नाहीये ना, अगं. आणि हार्डवेअरवाला आज बंद."

"मग हातकरवतीने कापा."

"जाड पाइप आहेत. संध्याकाळ होईल."

वहिनीने ब्रश डब्यात ठेवला आणि हात पदराला पुसले. "चावी काकांकडे आहे. मी घेऊन येते."

धाकटा दाराशी आडवा झाला नाही. तसं काही केलं नाही. शांतपणे म्हणाला, "वहिनी, तुम्ही त्या दारात गेलात तर उद्यापासून मी या दारात यायचा नाही."

पलीकडे लेथ बंदच होता. सगळं ऐकू जात होतं. निदान पत्र्याला तरी लाज वाटायला हवी होती.

दादाने आधी भावाकडे बघितलं, मग बायकोकडे. मला वाटलं आता बोलेल. मी त्याच्या हातात होतो, त्याचा हात मला कळत होता. पण तो म्हणाला, "राहू दे गं. वाढवायला नको. चार काप राहिलेत फक्त. जपून करतो."

वहिनी ब्रश उचलून अंगणात गेली. पलीकडचा लेथ पुन्हा सुरू झाला.

पहिला काप नीट गेला. दुसराही. तिसऱ्याला चाक फुटलं.

बाकीचं मी सांगणार नाही. तुकडा मानेला लागला, एवढंच. डोळ्यांवर चष्मा होता, डोळे शाबूत होते. धाकटा ओरडत राहिला. दुकानात सगळ्यांत आधी धावत आले ते काका. चार महिन्यांत पहिल्यांदा ते त्या दारातून आत आले. त्यांच्या हातात चावी होती. येताना उचलली होती की आधीपासूनच हातात धरून बसले होते, ते मला माहीत नाही. ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही.

चौकशी झाली. अपघात अशी नोंद झाली. मशीन परत मिळालं, त्यावर अर्धं चाक आणि त्याला धरून मी. मला कोणी सांगितलंच नव्हतं की आता सोडलं तरी चालेल.

तीन आठवड्यांनी दुकान उघडलं. काका आले. धाकट्याने स्टूल पुढे सरकवलं. काकांनी ग्राइंडर मांडीवर घेतलं, चावी माझ्या भोकांना लावली. दात बसेनात. भोकंच उरली नव्हती. त्यांनी चावी बाजूला ठेवली आणि पक्कड घेतली.

मग त्यांनी मला हातही लावला नाही. चाकाचा उरलेला भाग पकडीत धरून मोडायला लागले. काठाकडून आत, तुकडा तुकडा, घाई नाही. मी ज्याला धरून बसलो होतो तेच माझ्याखालून कमी होत गेलं. शेवटी दांड्याचे आटे आणि मी, मधे नुसता भुगा. काकांनी बटण दाबलं आणि मला दोन बोटांनी फिरवलं. मी सुटलो. बाटलीचं झाकण निघावं तसा.

वहिनी दारात उभी होती. "किती वेळ लागला, काका?"

काकांनी पक्कड खाली ठेवली.

"चार मिनिटं," ती म्हणाली. "मी घड्याळ बघत होते."

धाकट्याने तोंड हातांत घेतलं. वहिनीने त्याच्याकडे बघितलं नाही.

"त्या दिवशी तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"आलं होतं."

"काय ऐकू आलं?"

"नट बसलाय आणि हे ठोकतायत." काकांनी चष्मा काढून हातात धरला. "ठोकून नाही निघत तो. चाक मोडायचं असतं. पाच वेळा तोंडाशी आलं माझ्या, की पत्र्यातून सांगावं."

"मग?"

"वाटलं, येतील विचारायला."

वहिनीने मान हलवली, कोणी पत्ता सांगितल्यावर हलवतात तशी, आणि अंगणात गेली. मागे धाकटा रडायला लागला. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तेही रडले. चार महिन्यांचा अबोला तिथे सुटला. मी स्टुलाजवळ फरशीवर पडलो होतो. एवढं ठोकून घेतलं तेव्हा मला राग आला नव्हता, तो आता आला.

आता दोघं बोलतात. पाटी उतरवली, तेव्हा शिडी काकांनी धरली होती. दुपारी काका आमच्याकडे येऊन बसतात, धाकटा त्यांना औषधाच्या वेळा सांगतो. परवा तर कशावरून तरी दोघं हसले. हसून झाल्यावर गप्प झाले, पण हसले.

वहिनी दोघांशी नीट बोलते. चहा देते, साखर विचारते. तिने कधी आवाज चढवला नाही. धाकटा एकदा म्हणाला, "वहिनी, मला काहीतरी बोला. शिव्या द्या." ती म्हणाली, "त्या बाईंचा कठडा राहिलाय. म्हातारे खालच्या खोलीतच झोपतात अजून." मग तिने स्वतः खिळ्यावरची टोपी काढून ग्राइंडरवर बसवली आणि काकांना म्हणाली, "मला कापायला शिकवा." काकांनी शिकवलं. उरलेले काप तिने कापले. धाकट्याने पाइपाचं टोक दोन्ही हातांनी धरलं होतं. मी ते फळीवरून बघितलं, कारण मशीनवर काकांच्या ग्राइंडरचा नट लावला होता.

काम झाल्यावर काकांनी आपला नट काढून घेतला आणि मला फळीवरून उचललं. "याला मी लेथवर साफ करतो, नवी भोकं पाडतो," ते म्हणाले. "दहा वर्षं चालेल अजून."

"हो, चालेल की," धाकटा म्हणाला.

वहिनीने हात पुढे केला. काकांनी मला तिच्या तळहातावर ठेवलं. तिच्या बोटांवर आता तांबड्या रंगासोबत काळी भुकटीही होती. तिने मला उलटंसुलटं करून बघितलं.

"हा नको."

"त्याचा काय दोष गं, पोरी?"

"दोष नाही म्हणून तर टाकता येतोय, काका," ती म्हणाली. "आपल्या तिघांना कुठं टाकायचं?"

तिने मला भंगाराच्या पिंपात सोडलं आणि कठड्याला प्रायमर मारायला गेली.

त्या पिंपात मी आहे. भोवती पाइपांची टोकं, वाकलेल्या सळया, गंजलेले खिळे. सगळे कशाचे तरी उरलेले. बाहेर ग्राइंडर चालतं, थांबतं. चाक संपत आलं की पलीकडून काका ताबडतोब ओरडतात. आता एकदाही चुकत नाहीत. वहिनी ताबडतोब बदलते. प्रत्येक वेळी ते ऐकताना मला दादाचा हात आठवतो.

भंगाराची गाडी महिन्यातून एकदा येते. तिच्यातून मी जाईन, कुठल्यातरी भट्टीत वितळेन. पुढे माझं काय करायचं ते करा. खिळा करा, बिजागरी करा, घराच्या उंबऱ्याची पट्टी करा. फक्त पुन्हा काही धरून ठेवायला सांगू नका.